ओंडका उचलू नका

पावसाळा सुरू झाला की मोबाईलवर भूछत्रांचे फोटो येऊ लागतात. पांढरी, नारिंगी, निळसर. कुणाच्या टोपीवर पाण्याचा थेंब, कुणाच्या देठाशी मुंगी. फोटो सुरेख असतात आणि दर वर्षी अधिक सुरेख होत चाललेत. पण त्यांतल्या बहुतेकांत एक गोष्ट कापून टाकलेली असते: ती छत्री ज्या लाकडावर उगवली ते लाकूड. मागे धूसर हिरवा किंवा काळा रंग, मध्ये एकटी छत्री. ती कशावर उभी आहे, कशाच्या जिवावर उभी आहे, याचा बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मला बोलायचंय ते या कापलेल्या भागाबद्दल. कारण जे फोटोतून गेलं ते आता रानातून, बागांतून आणि देवाच्या राईतूनही उचललं जातंय, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मी सावंतवाडीत फोटो स्टुडिओ चालवतो. लग्न, मुंज, बारसं, पासपोर्ट साईज, सगळं. आमचा सीझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि मृग लागता लागता संपतो. त्यानंतर मुहूर्त नाहीत. कॅमेरे कपाटात जातात आणि कपाटात एक बल्ब पेटता ठेवावा लागतो, कारण कोकणातल्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. धंद्यातला प्रत्येक माणूस या बुरशीला घाबरून असतो. ज्या महिन्यांत आम्ही तिच्यापासून भिंगं वाचवतो, त्याच महिन्यांत तीच भिंगं घेऊन मी तिच्याकडे जातो. आंबोली घाटाच्या पायथ्याची गावं, नरेंद्र डोंगर, ओढ्यांचे काठ, काजूच्या बागांचे बांध. पावसाळ्यातली माझी सगळी सकाळ तिथे जाते.

हे काम घाईचं आहे, आणि घाई माझी नाही, तिची आहे. सगळ्यात घाईची ती गायरीवर उगवणारी शाईची छत्री. कॉप्रिनॉप्सिस हे तिचं शास्त्रीय नाव. पहाटे शेणखताच्या ढिगावर बॅटरी मारली तर ती मिटलेली दिसते: लांबट, राखाडी, अंगावर पांढऱ्या धाग्यांचे तुकडे चिकटलेले. उजाडल्यावर टोपी उघडायला लागते. थोड्या वेळाने तिच्या कडेवर एक काळी रेघ उमटते आणि ती रेघ रुंद होत वर सरकते. मग कडेवर काळा थेंब जमतो, गळतो, त्यामागे दुसरा. ऊन चढेपर्यंत टोपीचा निम्मा भाग रस होऊन खाली गेलेला असतो, आणि दुपारी तिथे एक पांढरा देठ तेवढा उभा असतो. पूर्वी युरोपात या काळ्या रसाची शाई करून लिहीत असत.

वरवर बघितलं तर ही नासाडी वाटते. तसं नाही, हे पहिल्यांदा नीट उलगडून सांगितलं ए. एच. आर. बुलर या इंग्रज शास्त्रज्ञाने. कॅनडातल्या विनिपेगमध्ये राहून त्याने आयुष्यभर बुरशीचा अभ्यास केला आणि १९०९ पासून त्यावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. टोपीखालचे जे पातळ पडदे असतात, ज्यांना कल्ले म्हणतात, त्यांच्यावर बीजाणू पिकतात. शाईच्या छत्रीचे कल्ले एकमेकांना इतके खेटून असतात की मधला बीजाणू सुटला तरी बाहेर पडायला वाट नाही. म्हणून ते कडेकडून पिकतात. कडेचे बीजाणू उडाले की तेवढी कड विरघळून जाते आणि पुढच्या रांगेला मोकळी जागा मिळते. छत्री स्वतःला खात खात आपलं काम पुरं करते. मॅक्रो भिंगातून ती काळी रेघ वर सरकताना मी पाहिली आहे. एका ठिकाणी कॅमेरा रोवून ठरावीक वेळाने फोटो घेत गेलं की पुढे ते एकामागून एक लावून बघता येतं, आणि बघताना पापणी लवत नाही.

एका मध्यम आकाराच्या भूछत्रातून अब्जावधी बीजाणू सुटतात. सुटतात म्हणजे नुसते गळत नाहीत. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो, तो बीजाणूच्या अंगावरल्या ओलीत मिसळतो आणि त्या धक्क्याने बीजाणू कल्ल्यापासून उडतो. या थेंबाला बुलरचंच नाव आहे. पुढची गंमत २०१६ मध्ये एमिली ड्रेसेअर, मार्कस रोपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली: टोपीतून पाण्याची वाफ होते, भोवतालची हवा गार होते, आणि त्यातून जी मंद झुळूक तयार होते तिच्यावर बीजाणू दूर जातात. वारा पडलेला असला तरी छत्री स्वतःपुरता वारा तयार करते. अंधाऱ्या जागी छत्रीच्या मागून एका बाजूने बॅटरी धरली तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. टोपीखालून धूर निघत असतो आणि तो धूर सरळ खाली न पडता आडवा सरकतो. शाळेच्या मुलांना हे दाखवावं. आम्ही आमच्या आळीतल्या पोरांना दाखवलं तेव्हा घरी जायला कुणी तयार नव्हतं.

पण छत्री म्हणजे ती बुरशी नव्हे. आंबा म्हणजे जसं आंब्याचं झाड नव्हे, तसंच हे. खरं शरीर आत आहे: लाकडात, पाचोळ्यात, मातीत पसरलेल्या बारीक पांढऱ्या तंतूंचं जाळं. ते वर्षानुवर्षं जगतं, पोसतं, वाट बघतं, आणि पाऊस, ऊब, ओल जुळून आली की चार दिवसांसाठी छत्री वर पाठवतं. छत्री क्षणभंगुर आहे म्हणून सगळे हळहळतात आणि तिच्यामागे धावतात. ती गेली तर मला काही वाटत नाही, ती जायचीच असते. तिच्या खालचं लाकूड गेलं की मात्र पुढच्या सगळ्या वर्षांच्या छत्र्या एका दिवसात जातात.

हे मला एका ओंडक्याने शिकवलं. घाट उतरल्यावर ओढ्याच्या काठाने एक पायवाट जाते. तिथे रायवळ आंब्याचं एक जुनं झाड वादळात उन्मळून पडलं. फांद्या लोकांनी जळणाला नेल्या, बुंधा जड म्हणून राहिला. दर पावसाळ्यात मी त्याच्याकडे जातो.

सुरुवातीला त्याच्यावर एकच जात होती, शायझोफायलम. नखाएवढे पांढरट पंखे, खालच्या बाजूने गुलाबी-करडे कल्ले आणि प्रत्येक कल्ला मधोमध चिरलेला. मे महिन्यात हे पंखे वाळून आवळलेले असतात, चिरलेल्या कल्ल्यांच्या कडा आत वळून बीजाणूंची जागा झाकतात. वळवाचा पाऊस पडला की काही तासांत तेच पंखे फुलतात आणि कामाला लागतात. पुढे सालीच्या भेगांतून पिवळ्या-नारिंगी जेलीच्या जिभा निघाल्या, मग कानाच्या आकाराची तपकिरी ऑरिक्युलारिया आली. नंतर टणक फळ्या आल्या, एकावर एक, कडेला पांढरी रेघ असलेल्या. त्या वर्षानंतर लाकडाचा रंग फिका पडला. पांढरी कूज करणारी बुरशी लाकडातलं लिग्निन पचवते. लिग्निन हा लाकडाला कणखरपणा देणारा पदार्थ, आणि तो पुरता मोडून काढणारे जीव पृथ्वीवर फार थोडे आहेत. ही बुरशी त्यांतली मुख्य. तिच्याशिवाय पडलेलं झाड तसंच पडून राहील आणि झाडाने आयुष्यभर मातीतून घेतलेलं काही मातीला परत मिळणार नाही.

आता त्या ओंडक्यात बोट दाबलं तर रुततं. अंगावर शेवाळ आहे. एका बाजूने झायलेरियाच्या बोटभर काळ्या काड्या उभ्या राहतात, टोकाला पांढऱ्या. दुसऱ्या बाजूला मायसेना येतात: देठ केसाएवढा, टोपी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, आणि तिच्यातून आरपार उजेड येतो. खाली पडलेल्या डहाळ्यांवर सायथस दिसतो. ही चिमुकली वाटी, सात-आठ मिलिमीटर रुंद, आत चपट्या गोट्या. पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की त्याच्या जोराने गोटी बाहेर फेकली जाते, जवळजवळ मीटरभर लांब. गोटीला एक चिकट दोरी असते, ती वाटेतल्या काडीला गुंडाळली जाते आणि गोटी तिथेच लटकते. एवढी सगळी यंत्रणा एका कुजक्या डहाळीवर. ही डहाळी झाडूने गोळा करून पेटवून दिली तर काय गेलं, हे ज्याने वाटी पाहिली त्यालाच कळेल.

एकदा मी तिथे पोटावर पडून फोटो काढत असताना गवताचा भारा घेतलेली एक आजी थांबली. म्हणाली, "ती खाऊची न्हय हां!" मी म्हटलं, "खात नाही आजी, फोटो काढतोय." तिने भारा सावरला आणि म्हणाली, "ह्या लाकडार दरवर्सा येतत." तिने छत्रीपेक्षा लाकूड ध्यानात ठेवलं होतं. कॅमेरावाल्यांनी हेच शिकायला हवं.

आता थोडं तंत्राबद्दल, कारण त्यातूनच मुद्दा निघतो. मॅक्रो भिंगाने वस्तू तिच्या मूळ मापाएवढी सेन्सरवर उमटवली की स्पष्टपणाची खोली फार कमी होते. एफ ८ ला जेमतेम एक मिलिमीटर. मायसेनाच्या टोपीची पुढची कड स्पष्ट आली तर देठ धूसर. म्हणून फोकस केसाकेसाने मागे सरकवत एकाच चौकटीचे पंचवीस-तीस फोटो घ्यायचे आणि नंतर संगणकावर एकत्र बसवायचे. त्यासाठी ना वारा हलला पाहिजे, ना माझा श्वास. प्रकाश थेट फ्लॅशचा नको, टोपी पांढरीफट्ट होते. लग्नातल्या जुन्या सॉफ्टबॉक्सचं कापड कापून मी छोटे पडदे केलेत, त्यातून गाळलेला उजेड ओल्या टोपीवर बरोबर बसतो. ट्रायपॉड इतका खाली येत नाही, म्हणून धान्य भरलेली पिशवी.

आणि एकदा असं डोळा लावून बसलं की छत्री एकटी नाही हे दिसतं. कल्ल्यांमध्ये स्प्रिंगटेल फिरत असतात, मिलिमीटरभर लांबीचे, सहा पायांचे, पोटाखालच्या खिट्टीने उडी मारणारे. चिलटांएवढ्या माश्या अंडी घालायला आलेल्या असतात. टणक बुरशीच्या पोटात भुंगेरे असतात. गोगलगाय कडा कुरतडून गेलेली असते. या सगळ्यांचा पत्ता एकच, तो ओंडका. भिंगातून मी ज्या वस्तीचे फोटो काढतो ती वस्ती ओंडका ट्रकमध्ये भरला गेला की उठते.

म्हणून फोटो काढणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रांना माझं सांगणं स्पष्ट आहे. छत्री उपटू नका. ती उपटून हिरव्यागार शेवाळावर खोचून, वरून स्प्रेने पाणी मारून काढलेला फोटो खोटा असतो. लग्नात आम्ही वधूला उजेडात उभी करतो, पदर नीट करतो, हार सरळ करतो. तो समारंभ असतो आणि वधूला ते हवं असतं. रानात आपण साक्षीदार म्हणून जातो. साक्षीदाराने पुरावा हलवायचा नसतो. पहिला फोटो पूर्ण लाकडाचा घ्या. मग वरून, बाजूने, आणि छोटा आरसा टोपीखाली सरकवून कल्ल्यांचा. देठ जिथे लाकडात शिरतो ती जागा घ्या. लाकूड कोणत्या झाडाचं, हे आसपासच्या माणसाला विचारून लिहून ठेवा. तारीख लिहा. असा फोटो कुणाच्या तरी उपयोगाला येतो. नुसती रंगीत टोपी बघून शास्त्रज्ञाला जात सांगता येत नाही.

उपयोगाला येतो म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. ऑस्ट्रेलियातले स्टीव्हन ॲक्सफर्ड हे भूछत्रांच्या फोटोंसाठी जगभर ओळखले जातात. मेघालयात शास्त्रज्ञांबरोबर काम करताना त्यांना स्थानिक लोकांनी मेलेल्या बांबूवर रात्री चमकणारी एक छत्री दाखवली. लोक ती रात्रीच्या वाटेवर विजेरी म्हणून वापरत. तिचा अभ्यास होऊन २०२० मध्ये ती जगाला नवी जात म्हणून प्रसिद्ध झाली, रोरिडोमायसेस फायलोस्टॅकिडिस. तिचा देठ चमकतो, टोपी नाही. जातीला नाव दिलं तेही ज्या बांबूवर ती वाढते त्याच्यावरून, आणि शोधनिबंधाच्या लेखकांत ॲक्सफर्ड यांचंही नाव आहे. मेलेला बांबू कुणीतरी साफ करून नेला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

चमकणारी बुरशी आपल्या सह्याद्रीतही आहे. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानातल्या चमकणाऱ्या काटक्यांच्या बातम्या येतात आणि मग गाड्याच्या गाड्या तिकडे निघतात. कॅमेऱ्यात दीर्घ एक्सपोजरला हा उजेड हिरवा येतो, डोळ्याला तो फिकट पांढुरका दिसतो. पण काटकी खिशात घालून घरी नेली तर ती विझते. तिला ओल लागते आणि हवा लागते; चमकणाऱ्या लाकडाची हवा काढून घेतली की प्रकाश जातो, हे रॉबर्ट बॉइलने सतराव्या शतकातच प्रयोगाने दाखवलं होतं. घरी नेलेली प्रत्येक काटकी म्हणजे तिथला विझवलेला एक दिवा आहे. आणि अभयारण्यातून काही उचलून नेणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, हेही जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

वारुळावरच्या अळंबीची गोष्टही शेवटी लाकडापाशीच येते. श्रावणाच्या आसपास कोकणात आणि गोव्यात जिच्यासाठी माणसं पहाटे रानात जातात ती टर्मिटोमायसेस. १९४२ मध्ये रोजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिला हे नाव दिलं. वाळवी मेलेलं लाकूड आणि पाचोळा वारुळात नेते, त्याची पोळी रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी ते पचवते आणि वाळवीला खाणं मिळतं. वर येणाऱ्या अळंबीचा देठ जमिनीखाली लांबच लांब जाऊन त्या पोळ्यापर्यंत पोचलेला असतो. गोवा विद्यापीठातले डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंबीचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे आणि तिच्या बेसुमार तोडणीबद्दल लोकांना सावध केलं आहे. अळंबी खाणाऱ्यांवर माझा राग नाही, आमच्या घरीही ती शिजते. पण वारूळ खणून, पोळ्यासकट उपसून काढणं बंद झालं पाहिजे. आणि हात जोडून एक विनंती: फोटो बघून किंवा मोबाईलच्या ॲपला विचारून कुठलीही रानातली छत्री खाऊ नका. विषारी अमॅनिटा यकृत निकामी करते आणि लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. माझ्या फोटोंखाली कुणी "ही खातात का?" असं विचारलं तर मी उत्तर देत नाही.

आता ज्या गोष्टीने मला हे लिहायला भाग पाडलं तिच्याकडे येतो. तालुक्यातल्या एका गावची देवाची राई मी लहानपणापासून बघत आलोय. भर दुपारी आत शिरलं तरी अंधार, पायाखाली पाचोळ्याचा थर, आडवी पडलेली झाडं जशीच्या तशी. गेल्या काही वर्षांत तिथे सुशोभीकरण झालं. देवळाभोवती पेव्हर ब्लॉक बसले, पाचोळा झाडून जाळला गेला, पडलेले ओंडके "अडगळ" म्हणून ट्रॅक्टरने नेले. उभी झाडं एकही तोडली नाहीत, आणि गावकरी तेच अभिमानाने सांगतात. पण जिथे मी दर पावसाळ्यात गुलाबी पेल्यांची कुकाइना बघायचो, पेल्यात पाणी साचलेली, तिथे आता पाणी निचरायला पाइप आहे.

गावकऱ्यांनी हे भक्तीने केलं, म्हणून जास्त वाईट वाटतं. कारण त्यांच्याच पूर्वजांचा नियम याच्या उलट होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यावरचा त्यांचा निबंध १९७६ चा आहे. कित्येक राया अशा होत्या की तिथून वाळकी काटकीही न्यायची नाही, पडलेलं पानही देवाचं. तो नियम नुसता झाडांसाठी असता तर "झाड तोडू नका" एवढंच म्हटलं असतं. पडलेलंही उचलायचं नाही, असं ज्यांनी ठरवलं त्यांनी जमिनीवरच्या त्या संथ कुजण्यालाही देवाच्या हवाली केलं होतं. आज देवराईचा फलक लावताना हा नियम त्यावर पहिल्या ओळीत यायला हवा.

शहरांत वेगळी तऱ्हा नाही. सोसायटीच्या आवारात झाडाखालचा पाचोळा रोज सकाळी झाडून पेटवला जातो. नगरपालिकांच्या बागांत एखादं झाड पडलं की संध्याकाळपर्यंत ते कापून, भरून, वाहून नेतात आणि त्याला तत्परता म्हणतात. रस्त्यावर पडलं असेल तर तत्परता हवीच. पण बागेच्या कोपऱ्यात, टेकडीच्या उतारावर, ओढ्याच्या काठावर त्या ओंडक्याने कुणाचं काय अडवलंय?

काहींच्या हरकती खऱ्या आहेत, त्यांचा विचार केला पाहिजे. ज्या घरात अजून चूल पेटते तिथल्या बाईने काटक्या गोळा केल्या तर तिला कुणी एक शब्द बोलू नये. तसाही कुजलेला, शेवाळलेला जाड ओंडका चुलीत पेटत नाही. नेला जातो तो सफाईच्या नावाने, जळणासाठी नाही. नारळी-सुपारीच्या बागेत बुंध्याशी गॅनोडर्मा दिसला तर ते झाड मुळासकट काढावंच, तो रोग शेजारच्या झाडांना लागतो. घराला लागून लाकडाचा ढीग ठेवला की वाळवी आणि सापाची भीती असते, तर घराला लागून ठेवू नका. शाळेच्या वाटेवर झुकलेलं वाळकं झाड पाडलंच पाहिजे. पाडा आणि तुकडे करून कडेला जमिनीवर ठेवा. मी मागतोय ते एवढंच आहे.

आपल्याकडे यासाठी कायदाही आहे आणि संस्थाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी असं ठरलं. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत झाडं आहेत, पक्षी आहेत, गुरांच्या जाती आहेत. भूछत्रांच्या नावाने एखाद-दुसरी ओळ, तीही खायच्या अळंबीची. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशीचा राष्ट्रीय संवर्धन संग्रह आहे आणि अजरेकरांच्या नावाचं बुरशीचं हर्बेरियम आहे. म्हणजे नमुना ओळखायला जागा आहे, आणि गावात नोंद ठेवायला वही आहे. मधला दुवा होण्याचं काम आमच्यासारखे कॅमेरेवाले सहज करू शकतात. जगात बुरशीच्या सुमारे दीड लाख जातींना नावं मिळाली आहेत, आणि लंडनच्या क्यू उद्यानाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे एकूण जाती २५ लाखांच्या आसपास असाव्यात. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत मूल्यमापन झालेल्या बुरशींनी हजाराचा टप्पा ओलांडला तो २०२५ च्या मार्चमध्ये. वाघ, माळढोक, कासव यांच्या मानाने हे किती उशिरा! सह्याद्रीच्या एका ओढ्याकाठी काढलेला साधा फोटो, लाकडासकट, तारखेसकट, इथे खरोखर भर घालू शकतो.

त्या आंब्याच्या ओंडक्याबद्दल मी त्या गावच्या ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला आहे. दोन मागण्या आहेत. पायवाट रुंद करताना तो ओंडका हलवू नये, आणि नोंदवहीत त्याच्यावर येणाऱ्या बुरशींसाठी पान उघडावं. सोबत सगळ्या पावसाळ्यांतले फोटो जोडलेत, प्रत्येकाच्या मागे तारीख लिहून. गवताच्या भाऱ्यावाली आजी साक्षीला यायला तयार आहे. ग्रामसभा स्वातंत्र्यदिनाला आहे, आणि तोपर्यंत मायसेना वर आलेल्या असतील, तेव्हा सभेतल्या लोकांनी पाच मिनिटं चालून प्रत्यक्ष येऊन बघावं असंही अर्जात लिहिलंय.